आभासी खेळातील संघबांधणी : सोय आणि सहवास

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या ऑनलाइन खेळातील भुयारी मोहिमांसाठी साधारणतः पाच जणांचा संघ लागतो : शत्रूचे वार झेलणारा एक, सोबत्यांना बरे करणारा एक आणि आक्रमक तिघे. प्रारंभी हे सोबती संदेश पाठवून, ओळखीपाळखीतून जमवावे लागत. साहजिकच खेळाडूचा लौकिक हीच त्याची पत ठरे. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या ‘डन्जन फाइंडर’ने निरनिराळ्या सर्व्हरवरील अनोळखी खेळाडू आपोआप एकत्र आणले. एकाकी व वेळेची चणचण असलेल्या खेळाडूंना त्यामुळे प्रवेश सुलभ झाला, हे नाकारता येत नाही. मात्र पुनर्भेटीची शक्यता मावळताच गैरवर्तनाची लोकलज्जाही क्षीण झाली. २०१९ च्या ‘क्लासिक’ आवृत्तीत, मूळ खेळाप्रमाणेच, ही सोय नव्हती. तात्पर्य, यंत्रणा संघ जमवते. विश्वास मात्र पुनःपुन्हा भेटण्यातूनच निर्माण होतो, असे म्हणावे लागेल.