हसवणाऱ्याला निरोप : ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ आणि चाहत्यांचे श्रद्धांजली-व्हिडिओ

या टिपणात आपण अशा एका निर्मितीकडे पाहणार आहोत, जिची समीक्षा सहसा कोणी करत नाही. एखाद्या आवडत्या विनोदी मालिकेतला नट वारला किंवा मालिका सोडून गेला, की चाहते जुन्या भागांतले तुकडे कापतात, जोडतात, त्यांवर गाणे चढवतात आणि दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ तयार करतात. त्याला आपण येथे श्रद्धांजली-व्हिडिओ म्हणू. नट हयात असला तरी हे व्हिडिओ त्याच सुरात निघतात, हे जरा विचित्र आहे. त्याकडे पुढे येऊ.

मी साहित्याचा प्राध्यापक नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. या विषयाकडे वळलो ते एका विद्यार्थ्यामुळे. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘तारक मेहता’मध्ये नट्टू काकांची भूमिका करणारे घनश्याम नायक यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांनी प्रकल्पाच्या तासाला या मुलाने स्वतः केलेला व्हिडिओ फोनवर दाखवला. “सर, कसा झालाय?” मी म्हणालो, छान झालाय. पण ते ‘छान’ मला दिवसभर टोचत राहिले, कारण तो व्हिडिओ पाहताना मला एकदाही हसू आले नव्हते. नट्टू काकांना पाहून हसू येत नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडले आहे.

मालिका ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. तारक मेहता हे गुजरातीतले विनोदी लेखक. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून त्यांनी ‘दुनियाने ऊंधा चश्मा’ हे सदर चालवले. त्यावर आधारलेली हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिने चार हजार भागांचा टप्पा ओलांडला. गोकुळधाम नावाच्या मुंबईतल्या सोसायटीत निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे राहतात : इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान चालवणारा जेठालाल, त्याची पत्नी दयाबेन, तमिळ शास्त्रज्ञ अय्यर, पंजाबी सोढी, लग्न न जमणारा पत्रकार पोपटलाल आणि सोसायटीचे सेक्रेटरी भिडे मास्तर. भिडे शिकवण्या घेतात आणि ‘आमच्या काळी’ने सुरू होणारी वाक्ये बोलतात. माझे विद्यार्थी मला कोणत्या नावाने ओळखतात हे वेगळे सांगायला नको. माझ्याकडे सखाराम नावाची स्कूटर तेवढी नाही.

दुसऱ्याच्या चित्रीकरणातून स्वतःचे काही घडवण्याची ही रीत मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत कँडी फाँग यांनी ‘स्टार ट्रेक’च्या टाकाऊ फिल्ममधल्या चौकटींच्या स्लाइड करून त्या एका गाण्यासोबत चाहत्यांच्या मेळाव्यात दाखवल्या. पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या आणि दोन व्हीसीआर जोडून हेच काम होऊ लागले. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये ‘टेक्श्चुअल पोचर्स’ या पुस्तकात चाहत्यांच्या अशा निर्मितीचा गंभीरपणे विचार केला. त्यांच्या मांडणीत चाहता हा नुसता ग्राहक नसतो. दुसऱ्याच्या रानात शिरून तो आपल्याला हवे ते उचलतो आणि त्यातून आपले काही बनवतो. मला इथे विचारायचे आहे ते एवढेच : आपल्याकडचा चाहता नेमके काय उचलतो, आणि उचलताना मागे काय सांडते?

माझ्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ अगदी ठरलेल्या पद्धतीचा होता. सुरुवातीला काळा पडदा, त्यावर जन्म-मृत्यूची वर्षे. मग नट्टू काका दुकानाच्या दारातून येताना, संथ गतीत. वर एक उदास चित्रपटगीत, आणि मूळ आवाज पूर्ण बंद. हसणारा चेहरा, हात जोडलेले, चष्म्यावरून पाहणारे डोळे. शेवटी रंग उडून चित्र कृष्णधवल होते. यातली प्रत्येक कृती तांत्रिक आहे, म्हणून तिच्याकडे तांत्रिक नजरेनेच पाहू.

दूरचित्रवाणीच्या आपल्या प्रमाणात सेकंदाला २५ चौकटी असतात. विनोदी नटाचा थांबा साधारण दहा-बारा चौकटींचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेरचा. दिलीप जोशींचा जेठालाल पाहा. समोरचा काहीतरी अचाट बोलतो. जेठालाल लगेच उत्तर देत नाही. आधी डोळे हलतात, मग मान, मग राग येतो, मग तो गिळला जातो, आणि शब्द सर्वांत शेवटी. हा क्रम आणि त्यातले अंतर म्हणजेच विनोद. गती निम्मी केली की अर्ध्या सेकंदाचा थांबा एक सेकंदाचा होतो, आणि एक सेकंदाचा थांबा हे दुःखाचे माप आहे. चेहरा तोच, नट तोच, पण त्याने मेहनतीने साधलेला काळ आपण दुप्पट करून टाकला. गाणे चढवताना आवाज बंद केला की दुसरे अर्धे कामही गेले, कारण नट्टू काकांचा विनोद बराचसा त्यांच्या बोलण्यात, विशेषतः त्यांच्या इंग्रजीच्या कसरतीत होता. उरतो तो एक प्रेमळ म्हातारा. असे प्रेमळ म्हातारे कोणत्याही मालिकेत सापडतील. घनश्याम नायक यांच्यामागे भवाई, गुजराती रंगभूमी आणि चित्रपट अशी कित्येक दशकांची कामगिरी होती. त्यांनी जे कमावले नेमके तेच वगळून त्यांना श्रद्धांजली वाहिली जाते.

दुसरी हानी संदर्भाची. मालिकेतला एखादा विनोद जमायला कधी चार भाग लागतात : गैरसमज होतो, वाढतो, सोसायटीभर पसरतो, आणि मग जेठालालचा चेहरा येतो. व्हिडिओत येतो तो फक्त चेहरा. ज्याने मालिका पाहिली आहे तो मागचे चार भाग स्वतःच्या आठवणीतून भरून काढतो. ज्याने पाहिली नाही त्याला फक्त तोंडे दिसतात. म्हणजे हे व्हिडिओ आपल्या माणसांशी बोलण्यासाठी आहेत. याला मी दोष म्हणणार नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात ही मालिका लागलेली असे, अशी एक पूर्ण पिढी आज तुमच्या वर्गात बसली आहे. आसामातल्या आणि केरळातल्या दोन मुलांना वसतिगृहात पहिल्यांदा एकत्र हसवणारी गोष्ट ही असू शकते. पण संदर्भ सुटला की अर्थ उलटूही शकतो, आणि ते मात्र तपासले पाहिजे.

याचे उदाहरण जेठालाल आणि बबिता. मालिकेत शेजारणीवर भाळलेल्या या विवाहित माणसाची दरवेळी फजिती होते. हसायचे ते त्याला. हा विनोद कधीकधी नको तितका लांबला, हेही खरे. चाहते मात्र त्याचे टक लावून पाहणे घेतात, प्रेमगीत लावतात, फजितीचा क्षण कापून टाकतात. आता हसायला कोणी उरत नाही. पाठलाग करणारी नजर तेवढी उरते, आणि तिला संगीताची मान्यता मिळते. दुसरे उदाहरण जेठालालने दयाला उद्देशून म्हटलेले ‘पागल औरत’. हे शब्द आपण चित्रीकरणाच्या वेळी उत्स्फूर्तपणे घातले होते आणि आक्षेप आल्यावर ते वापरणे बंद झाले, असे दिलीप जोशींनी स्वतः सांगितले आहे. मालिकेने सोडून दिलेले हे शब्द चाहत्यांच्या संकलनात मात्र अजून फिरत असतात. निवड करणाऱ्यावर निवडीची जबाबदारी असते. ‘मी तर फक्त जुने तुकडे जोडले’ हे उत्तर पुरेसे नाही.

दयाबेनचे व्हिडिओ हा आणखी वेगळा प्रकार. दिशा वकानी २०१७ मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि भूमिकेत नियमितपणे परतल्या नाहीत. त्या सुखरूप आहेत, आपल्या घरी आहेत; तरीही त्यांच्या गरब्याच्या तुकड्यांवर विरहाची गाणी लागतात. वर म्हटलेला विचित्रपणा तो हाच. यांतल्या बऱ्याच व्हिडिओंचा रोख आठवणीपेक्षा तक्रारीकडे आहे : परत या, आमचे बालपण परत द्या. एका नोकरदार स्त्रीने काम सोडले, त्यावर देशभर शोक करण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळाला, हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा मुली हसतात आणि मुले खाली पाहतात. पण याच व्हिडिओंत एक चांगली समीक्षाही दडलेली आहे. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांतले तुकडे पहिल्या सात-आठ वर्षांतले आहेत. नंतरच्या भागांतून घेण्यासारखे फारसे सापडत नाही, हे मत चाहत्यांनी एकही शब्द न लिहिता, केवळ निवडीतून मांडले आहे. मला ते पटते. ज्या मालिकेत प्रसंग स्वभावातून घडत होते, तिथे पुढे प्रसंगांना स्वभावाची गरजच उरली नाही.

आता या प्रकाराची खरी ताकद कुठे आहे ते पाहू. रोजच्या विनोदी मालिकेला काळ नसतो. पोपटलालचे लग्न आज जमले नाही, उद्याही जमणार नाही. मुले तेवढी वाढतात, कारण त्याला इलाज नसतो. टप्पूची भूमिका आधी भव्य गांधी, मग राज अनाडकट, मग नितीश भलुनी यांनी केली; शाळकरी टप्पू कॉलेजात गेला. बाकी सोसायटी होती तिथेच आहे. नट गेला तर जागा भरली जाते. २०२२ मध्ये किरण भट्ट नट्टू काका म्हणून आले. धंद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण मालिकेला निरोप देता येत नाही, कारण निरोप दिला तर काळ पुढे गेल्याचे मान्य करावे लागेल. ही उणीव चाहता भरून काढू शकतो. त्याच्याकडे तेरा वर्षांचे भाग एकाच वेळी हाताशी असतात.

नट्टू काकांचा एक विनोद वर्षानुवर्षे चालला : शेठकडे पगारवाढ मागण्याचा. शेठ टाळतो, काका माघार घेतात, आणि दुकान पुन्हा चालू. मी त्या विद्यार्थ्याला सुचवले, की गाणे काढून टाक, संथ गती काढून टाक. पगारवाढीचे सहा-सात प्रसंग शोध, २००८ पासून शेवटपर्यंत, मूळ आवाजासह, आणि तारखांच्या क्रमाने लाव. कोपऱ्यात फक्त वर्ष लिही. त्याने आठवडाभर शोधाशोध केली. जुने भाग धुंडाळणे हे संथ गतीचे बटण दाबण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. व्हिडिओ पावणेदोन मिनिटांचा झाला. पहिल्या तीन प्रसंगांना मी मनापासून हसलो. चौथ्यानंतर चेहरा उतरत गेलेला दिसू लागला, मागणी मात्र तीच आणि तितक्याच तत्परतेने केलेली. पाचव्यालाही हसलोच, पण वेगळ्या तऱ्हेने. विनोद कुठेही मोडलेला नव्हता. प्रत्येक थांबा नटाने ठेवला तेवढाच होता.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मालिकेच्या निर्मात्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. नाव, पात्रे, संवाद यांचा परवानगीशिवाय वापर करणारी संकेतस्थळे, वस्तू विकणारे आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ, त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बनावट व्हिडिओही, या आदेशाच्या कक्षेत आले. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५२(१)(क) मध्ये ‘उचित वापरा’चे जे हेतू दिले आहेत ते असे : खासगी वापर व संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. त्यात प्रेम किंवा श्रद्धांजली नाही. नुसते तुकडे आणि वर आणखी कोणाचे गाणे, अशा व्हिडिओची बाजू कच्ची असते. निवडीतून आणि मांडणीतून मूळ कृतीविषयी काही सांगणाऱ्याला निदान समीक्षेचा दावा मांडता येतो. न्यायालय तो मानेलच असे नाही.

बनावट व्हिडिओंचा मुद्दा माझ्या क्षेत्राचा आहे. दिवंगत नटाच्या आवाजाचे नमुने घेऊन त्याच्याकडून नवे वाक्य वदवणे आज तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला एका संध्याकाळी जमते. ‘काका स्वर्गातून बोलत आहेत’ असा व्हिडिओ करू नये, असे मी वर्गात स्पष्ट सांगतो. जुना तुकडा कितीही वाईट कापला तरी त्यातले काम त्या माणसाने केलेले असते. बनावट वाक्यात त्याने काहीच केलेले नसते, आणि नकार द्यायला तो हयात नसतो.

सरावासाठी : तुमच्या भाषेतली कोणतीही दीर्घकाळ चाललेली विनोदी मालिका घ्या. तिच्यावरचा एक श्रद्धांजली-व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहा. मग त्यातल्या कोणत्याही तीन तुकड्यांचे मूळ प्रसंग शोधून पूर्ण पाहा. कापताना आधीचे काय गेले, नंतरचे काय गेले, थांबा किती चौकटींनी वाढला, हे लिहून काढा.

माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही आवृत्त्या जपून ठेवल्या आहेत. मित्रांना पाठवताना त्याने गाणे असलेलीच पाठवली. विचारले तर म्हणाला, “सर, दुसरी पूर्ण बघावी लागते.”