घराबाहेरची बोली

अन्वर रशीद दिग्दर्शित ‘राजमाणिक्यम’ (2005) हा मल्याळम चित्रपट मामुट्टीचा हाणामारीचा विनोदपट म्हणूनच ओळखला जातो. मला त्यातला कळीचा प्रश्न भाषेचा वाटतो. लहानपणीच घराला पारखा झालेला, शिक्षणाचा गंध नसलेला बेल्लारी राजा गुरांच्या व्यापारात श्रीमंत होऊन परततो आणि सावत्र भावंडांच्या मालमत्तेचा कारभार त्याच्या हाती येतो. त्याचा भडक पोशाख डोळ्यांत भरतो. पण त्याचे परकेपण ठसते ते तिरुवनंतपुरमकडच्या गावरान बोलीतून. पटकथाकार टी. ए. शाहिद यांनी ती थेट नायकाच्या तोंडी दिली. मामुट्टीला ती साधून देण्यात सुरज वेंजारमूडू यांचा हात होता.

मात्र इथला हशा नेमका कोणावर? आरंभी आपण राजाच्या उच्चारांना हसतो. पुढे त्याच बोलीत तो समोरच्यांना सुनावतो, तेव्हा हसू त्यांच्यावर उलटते. हे या चित्रपटाचे बळ. तरीही घर अखेर त्याला आपले म्हणते ते त्याच्या औदार्यासाठी. ओवाळून टाकलेल्या मुलाला जागा मिळते. त्याच्या बोलीच्या वाट्याला टाळ्या येतात, प्रतिष्ठा नाही. मी हा चित्रपट उपशीर्षकांच्या आधारे पाहिला. त्यांत तर ती बोलीही गळाली होती. उरली होती फक्त हाणामारी.