स्टीफनचे पंचक : एका चित्राचे गुणदोष

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची पहिली रंगीत चित्रे जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ‘स्टीफनचे पंचक’ हे पाच दीर्घिकांचे चित्र आम्हाला फार बोलके वाटते, आणि तितकेच फसवेही. वर्गात लावण्यापूर्वी ते तपासून घ्यायला हवे.

हा समूह एदुआर स्टीफन यांनी १८७७ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथून शोधला. चित्रात पाचही दीर्घिका एकमेकींना खेटून दिसतात. प्रत्यक्षात डावीकडची एनजीसी ७३२० आपल्यापासून सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, तर उरलेल्या चार सुमारे २९ कोटी. वर्णपटांवरून तिचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर येतो; इतरांचा ५,७०० ते ६,७००. ही तफावत १९६१ मध्ये जेफ्री व मार्गारेट बर्बिज यांनी दाखवली. त्यातून, ताम्रसृतीवरून अंतर ठरवणे कितपत योग्य, असा वाद निघाला आणि हॉल्टन आर्प यांनी तो दीर्घकाळ चालवला. गंमत म्हणजे उत्तराची एक खूण याच चित्रात आहे. एनजीसी ७३२० मधील तारे त्यात सुटेसुटे दिसतात, कारण ती जवळ आहे.

म्हणजे ‘दीर्घिका शेजारी दिसतात, म्हणून त्यांची टक्कर झाली’ हा तर्क चुकीचा ठरतो. टक्करीचा पुरावा वेगळा आहे. एनजीसी ७३१९ पासून तारे व वायू यांच्या लांब शेपट्या निघाल्या आहेत. पूर्वी एखादी दीर्घिका जवळून गेल्याच्या त्या खुणा आहेत. आजही एनजीसी ७३१८बी समूहातील वायूत प्रचंड वेगाने घुसत आहे. तेथे उठलेला आघात-तरंग रेडिओ आणि क्ष-किरणांतही दिसतो. ‘टक्कर’ म्हटल्यावर मुलांना तारे एकमेकांवर आपटताना दिसतात. ताऱ्यांमधील अंतरे इतकी अफाट असतात की तसे जवळजवळ घडतच नाही. आपटतो तो वायू.

आमचा मुख्य आक्षेप रंगांबाबत आहे. हे चित्र डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे आहे. त्यातील रंग खोटे नाहीत, पण शास्त्रज्ञांनी निवडून दिलेले आहेत. अंतरे आणि रंग यांचा खुलासा मूळ माहितीपत्रकात आहे. मात्र चित्र एकटेच भिंतीवर लागले की तो मागे राहतो.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी : चित्र जरूर लावा, पण नावे व अंतरे झाकून. ‘यांतली जवळची कोणती, आणि कशावरून?’ एवढेच आधी विचारा.