‘संध्याछाया’मधले न दिसणारे शेजारी

जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ मी कॉलेजात वाचलं, तेव्हा नाना-नानींच्या मुलांवर चिडलो होतो. थोरला अमेरिकेत रमलेला, धाकटा हवाई दलात. एक परतत नाही, दुसरा युद्धात जातो, आणि शेवटी दोघं म्हातारे आयुष्य संपवतात. सत्तरच्या दशकातल्या या नाटकाबद्दल आपण आजही एवढंच बोलतो : मुलं गेली, आईबाप एकटे पडले.

पुढे मी इंजिनिअर होऊन पुण्याला आलो. आजोबा वारल्यावर आजीला नरसीहून सातव्या मजल्यावर आणलं. थोरल्याची चूक मी करणार नव्हतो. नातू घरात, जेवण वेळेवर, दवाखाना जवळ. तीन महिन्यांत आजीचं बोलणं आटलं, जेवण निम्म्यावर आलं. एकदा म्हणाली, “हितं मला कोनी हाक मारीत नाही रं.”

मग नाटक पुन्हा काढलं. नाना-नानी दाराशी आलेल्या परक्या माणसालाही बसवून घेतात, बोलत राहतात. त्यांना मुलगा हवाय, पण रोजच्या दिवसाला कुणीतरी माणूसही हवंय. दळवींना हे पक्कं दिसलंय. तरी शेवटाकडे जाताना ते सगळं दुःख मुलांच्या नसण्यावर आणून ठेवतात आणि शेजाराचा प्रश्न मागे सुटतो. माझी तक्रार इथे आहे. प्रेक्षक अपराधी होऊन घरी जातो, आईला फोन करतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजोबांचं दार मात्र बंदच राहतं.

आजी आता नरसीलाच आहे. सकाळी नामदेवांच्या मंदिरात जाते. आषाढ वद्य एकादशीला परतवारीची गर्दी कयाधूकाठी लोटते, तेव्हा तिला घरात बसवत नाही. एक दिवस ती दिसली नाही, तर कुणीतरी विचारायला येतं.

म्हणून गाव म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. आजोबा गेल्यावर तिची झोप उडाली होती, तेव्हा हेच गाव “वय झालं की असंच” म्हणालं होतं. म्हातारपणातली उदासी हा उपचार होणारा आजार असू शकतो, हे तिथे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये माणसांमधल्या सामाजिक नात्यांवर आयोग नेमला. एकटेपणा हा फक्त घरातला मामला नाही, हे आता तिथेही मान्य आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘संध्याछाया’ वाचाल, तेव्हा मुलांसोबत त्या घराचे शेजारीही मोजा.

माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. आजी तिथे होती, तेव्हा बाकीच्या तिघांतल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं.