गुरूची कसोटी

सत्यजित राय यांनीं १९७२ सालीं बिनोदबिहारी मुखर्जींवर काढलेला ‘दि इनर आय’ हा सुमारें वीस मिनिटांचा माहितीपट परवां पुन्हां पाहिला. बिनोदबिहारी हे राय यांचे शांतिनिकेतनांतील गुरु. १९५७ मध्यें शस्त्रक्रिया फसून त्यांची दृष्टि पार गेली. तरीहि ते शिकवीत राहिले, मेणाच्या मूर्ति घडवीत राहिले, आणि बोटांनीं आकार चाचपून त्यांनीं भाजलेल्या मातीच्या फरशांचें एक मोठें भित्तिचित्र सिद्ध केलें. राय हें सारें संयमानें दाखवितात. करुणेचा टाहो कोठेंहि फोडीत नाहींत.

माहितीपटाचा भर शिष्याच्या धैर्यावर आहे, आणि तें साहजिकच आहे. परंतु उभा जन्म वर्गांत शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याला खरी कथा फार आधींची वाटते. १९१९ च्या सुमारास हा मुलगा कलाभवनांत दाखल झाला, तेव्हां त्याचा एक डोळा निकामी होता व दुसऱ्याला जवळचेंच काय तें दिसे. नंदलाल बोस यांना शंका आली. ती रास्तच होती. धड दिसत नाहीं तो चित्रें कशीं काढणार? रवींद्रनाथांनीं विचारलें तें इतकेंच, कीं मुलगा नियमानें व आवडीनें काम करतो ना? मग त्याला करूं द्यावें.

याला दया म्हणणें चुकीचें होईल. दयाळू गुरूनें त्याला एका कोपऱ्यांत बसवून सोपे धडे दिले असते. येथें कसोटीच बदलली. आपल्याकडील एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा आठवाव्या: समोर मांडलेली वस्तु, ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या वेळांत उतरवावयाची. हा मुलगा तेथें पहिल्याच तासाला नापास झाला असता. आणि मग हिंदी भवनांतील मध्ययुगीन संतांचें १९४६-४७ चें भित्तिचित्रहि झालें नसतें. तीं माणसें नदीसारखीं पुढें सरकत राहतात. सगळी भिंत एका नजरेंत मावत नाहीं, पाहणाऱ्यालाहि तिच्या कडेनें चालावें लागतें. जवळचेंच दिसणाऱ्या डोळ्यानें रचलेली ती भिंत आहे, असें माझें मत आहे. उणीव तेथें रचनेंत मुरली आहे.

२०१६ च्या कायद्यानें अपंग विद्यार्थ्यांकरितां सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान पांच टक्के जागा राखल्या. हें उत्तमच झालें. पण कायदा दारापर्यंत पोंचवितो; आंत कागद तपासणारा आमच्यासारखाच कोणी असतो.

एका कलाविद्यालयाच्या प्रवेश-समितींत मी एकदां पाहुणा परीक्षक म्हणून बसलों होतों. एका मुलीचा हात कांपत होता. वेळ संपली तेव्हां तिचा कागद निम्मा कोरा होता, आणि नियमाप्रमाणें आम्हीं तिला नाकारलें. उरलेल्या निम्म्या कागदावर तिनें काय काढलें होतें, तें आज मला आठवत नाहीं; बहुधा मीं तें पाहिलेंच नव्हतें.