तीन कोटी शब्दांचा हिशोब

‘घरी कोणी मुलाशी बोलतच नाही, मग ते वर्गात काय बोलणार?’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत पुष्कळदा ऐकू येते. या समजुतीला शास्त्राचा आधार म्हणून ज्या पुस्तकाकडे बोट दाखवले जाते, ते ‘मीनिंगफुल डिफरन्सेस’ हे बेटी हार्ट व टॉड रिस्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. गरीब घरातील मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुस्थितीतील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते, हा त्यातील निष्कर्ष जगभर गाजला. तो कसा निघाला, हे पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम श्रेय. प्रश्नावल्यांवर विसंबून न राहता या दोघांनी कान्सास शहर परिसरातील ४२ कुटुंबांची निरीक्षणे केली. मूल सात ते नऊ महिन्यांचे असल्यापासून तीन वर्षांचे होईपर्यंत दरमहा एक तास घरातील बोलणे ध्वनिमुद्रित करून ते शब्दशः उतरवले. एवढी चिकाटी विरळाच. मुलाला उद्देशून बोललेले शब्द तासाला सरासरी असे भरले : उच्च व्यावसायिकांच्या घरी २१५३, श्रमिकांच्या घरी १२५१ आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरी ६१६.

आता हिशोब. मूल आठवड्याला १०० तास जागे असते असे धरले, तर चार वर्षांत २०,८०० तास होतात. दोन टोकांतील १५३७ शब्दांच्या फरकाला याने गुणले की सुमारे ३ कोटी २० लाख येतात. गुणाकार बिनचूक आहे. पण प्रत्येक मुलामागे निरीक्षण जेमतेम तीस तासांचे, चौथ्या वर्षाचे तर मुळीच नाही आणि सरकारी मदतीवरील कुटुंबे अवघी सहा! विद्यार्थ्याने प्रयोगवहीत सहा वाचनांवरून रेषा इतकी लांबवली, तर आपण तांबडी शाई उचलू.

दुसरा आक्षेप मोजणीचा. अंगणातले, आजीचे, भावंडांचे आपसातले बोलणे मुलाच्या कानावर पडतच असते. डग्लस स्पेरी व सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील पाच वस्त्यांतील नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच आर्थिक थरातील वस्त्यांतही मोठी तफावत आढळली. यावर काही संशोधकांचे म्हणणे असे, की मुलाला उद्देशून बोललेलेच शब्द भाषा शिकण्यास अधिक उपयोगी पडतात. हा मुद्दा आम्हालाही वजनदार वाटतो.

मात्र त्यातूनच निव्वळ संख्येची मर्यादा दिसते. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळांनी तिच्यातील ध्वनिभेद ओळखण्याचे कौशल्य मिळवले. तेच बोलणे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून ऐकलेल्यांना ते जमले नाही. बाळाच्या हुंकाराला मिळणारा प्रतिसाद शब्दमोजणीत सापडत नाही.

म्हणून हे पुस्तक वाचावे, पण निवाडा म्हणून नव्हे. सहा कुटुंबांच्या सरासरीवरून आपल्या वर्गातील एखाद्या मुलाचे घर मुके ठरवणे हे विज्ञान नव्हे. ते मूल वर्गात गप्प असेल, तर आधी त्याच्याशी त्याच्या घरच्या बोलीत बोलून पाहावे.