बबलीचे लोणचे

जोसेफ लुईस यांच्या 'गन क्रेझी' (१९५०) या अमेरिकन चित्रपटात बार्ट आणि लॉरी लग्न करतात, पैसे संपताच दरोडे घालतात आणि शेवटी दलदलीत मरतात. आधी त्याचे नाव होते 'डेडली इज द फीमेल'; म्हणजे घातकी ती बाईच! वास्तविक बार्टने बंदूक चोरली ती पोरवयात, लॉरी भेटण्याच्या कितीतरी आधी.

शाद अली यांच्या 'बंटी और बबली'त (२००५) हीच वाट हसतखेळत येते. राकेशला बापासारखे रेल्वेत तिकिटे तपासायची नाहीत, विम्मीला मिस इंडिया व्हायचे आहे. दोघे घर सोडतात, ठकबाजी करतात, लग्न करतात. पोलीस अधिकारी त्यांना सोडूनही देतो. पुढे विम्मी रडते, ती लोणची घालून कंटाळली म्हणून. प्रेक्षक हसतात.

आम्हाला हसू आले नाही. शहापूर-मुरबाडकडे दहावीच्या मुलींना "पुढे काय?" विचारले की त्या खाली बघतात, घरी स्थळे पाहणे सुरू झालेले असते.

ठकबाजीचे समर्थन आम्ही करत नाही. पण पुरुषाची हौस ती हौस आणि बाईची इच्छा मात्र गुन्हा नाहीतर विनोद, हा कुठला न्याय? विम्मीला सरळ रस्ता कुणी दाखवला होता? चित्रपटाने हे विचारले नाही. आपण आईबापांनी, शिक्षकांनी तरी स्वतःला विचारावे.